सायबीण आमच्यात राहायला आली

किस्से काय गोळा करायला लागत न्हाईत. फणसाच्या झाडाखाली बसलं की कवातरी एखादा डोक्यात पडतोयच, तसं हाय. मी गावच्या इगर्जीची, म्हणजे चर्चची, आन् तिच्या मिशनच्या शाळेची घंटा वाजवतो. जातीनं कुणबी, डोक्यानं तापट, शिक्षण तिसरी नापास. कॅसलरॉकच्या अलीकडं रानात आमचं गाव. रेल्वेतली किरिस्ताव माणसं रिटायर होऊन गोव्याला गेली, त्यांची पोरं कामाला कुटं कुटं गेली, आन् इगर्जीत बाकडी जास्त, माणसं कमी झाली.

वरनं निरोप आला. मोठे फादर येऊन बघणार, माणसं न्हाईत तर इगर्ज आन् शाळा दोन्ही बंद. म्हणजे माझी घंटाबी बंद. मग माणसं वाढवायचं मी मनावर घेतलं. तिथनंच सगळं बिघडलं.

*

झावळ्यांचा रविवार आला. त्या दिवशी किरिस्ताव लोक हातात हिरव्या झावळ्या घेऊन प्रार्थनेला येतात. मी घंटा वाजवली. आली कोण, तर एकटी म्हातारी रोजीमाय. माझं डोस्कं फिरलं. दोरी धरली आन् घंटा बडव बडव बडवली. येत न्हाईत म्हणजे काय?

थोड्या वेळानं बघतोय तर अख्खा गाव पळत येतोय, हातात हिरव्या फांद्या! आमचे फादर इनास भोळा माणूस. त्यांच्या डोळ्यात पाणीच आलं. दोन्ही हात वर करून आशीर्वाद द्यायला लागले.

सगळ्यात पुढं परशा हुता. धापा टाकत म्हणाला, "फादर, ते ऱ्हाऊ दे. वणवा कुटं लागलाय ते सांगा. झोडपायला फांद्या आणल्यात."

*

शाळेत पोरं इतकी कमी, की पहिलीतल्या दोघा भावंडांना गालफुगी झाली तर पहिलीला सुट्टी. खो-खोला गडी पुरंनात म्हणून शाळा चालवणाऱ्या सिस्टर लिलीनी मलाच मैदानात उतरवलं. तिसरीतल्या एका पोरीनं मला आऊट केलं. मी म्हणालो, हात लागलाच न्हाई. ती म्हणाली, लागला. मी म्हणालो, आईची आन घे. वाद इतका वाढला की पोरगी रडत घरला गेली. दुसऱ्या दिवशी तिचा बाप दाखला न्यायला हजर.

सिस्टर मला रागावल्या न्हाईत. तो गेल्यावर एवढंच म्हणाल्या, "अण्णा, हात लागलता. मी बघितलं."

*

गेली ती पोरगी भरून काढायला सिस्टरनी जीप काढली, पलीकडच्या वाडीत निघालो. मला बजावलं, तुम्ही नुसतं संगती यायचं, तोंड उघडायचं न्हाई.

पहिल्याच घरचा मालक म्हणाला, आमचं पोरगं रामनगरच्या पिवळ्या बशीनं जातंय, इंग्लिश शाळा, गळ्यात टाय. झालं, माझं तोंड उघडलं. गळ्यात दावं बांधून पोरगं साहेब हुतं व्हय, म्हणालो. गावची शाळा सोडणाऱ्याला काय काय म्हणत्यात, तेबी ऐकवलं.

त्या माणसानं सगळं ऐकून घेतलं. चहा पाजला. मग सावकाश म्हणाला, "भिकूअण्णा, तुमची नात आमच्या पोराशेजारीच बसती त्या बशीत. गुणी हाय. तेवढं तिचं दावं जरा सैल बांधत जावा."

सुनंनं घातलंय तिला तिथं. घरात माझं कोण ऐकतंय?

*

सायबीण म्हणजे मेरीमातेची मूर्ती. काचेच्या पेटीतनं ती किरिस्तावांच्या घरोघर मुक्कामाला फिरती. एका घरानं पुढच्या घरी पोचवायची, अशी रीत. रोजीमायचं पोरगं आईला वास्कोला न्यायला आलं, तवा सायबीण तिच्यातच हुती आन् पुढचं घर काय उरलंच नव्हतं. गाडीची येळ झालेली. म्हातारीनं पेटी माझ्या हातात ठेवली.

"आता तुजी पाळी," म्हणाली. "पूण गाळी न्हय हां, भिकू. ती आयकता."

गाळी म्हणजे शिव्या. मी शब्द दिला. दुसऱ्या दिवशी नांगर धरला तर बैल जाग्यावरनं हलंनात. मी "चल बाबा, चल राजा" करतोय आन् ते मागं वळून बघताहेत, हा कोण नवीन गडी?

घरात भांडण न्हाई, ताट आपटणं न्हाई. आठवड्यानं फादर इनास सायबीण न्यायला आले, तर माझी बायको शेवंता म्हणाली, लावणी हुईस्तवर ऱ्हाऊ दे. लावणी झाली. मग म्हणाली, कापणी हुईस्तवर. शेजारणी येऊन विचारायला लागल्या, आमच्यात कवा पाठवतीस? नवरे काय त्यांनाबी हायेतच.

*

आन् मोठे फादर आले. इगर्ज बघितली, शाळा बघितली, मग सायबीण कुटं हाय म्हणून विचारलं, तवा फादर इनास त्यांना आमच्यात घेऊन आले. अंगणात शेजारणी पुढच्या पाळीवरनं भांडत हुत्या. त्यांच्यातनं वाट काढत मोठे फादर आत येऊन बसले. माणूस वाईट न्हाई, बोलणं मऊ. म्हणाले, माणसंच न्हाईत तर कुणासाठी चालवायचं? शाळा औंदाच्या वर्षापुरती, इगर्जीला आजच कुलूप. सायबिणीला आम्ही संगती घेऊन जातो.

शिवी माझ्या जिभेवर आली. पेटीकडं बघितलं आन् गिळली. परत आली. परत गिळली. कान तापले, दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मोठे फादर म्हणाले, यांना पाणी द्या कुणीतरी.

शेवंता आतनं आली, पण पाणी घेऊन न्हाई. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मोठ्या फादरांकडं. खाटेवरची जाडजूड वाकळ उचलली, सायबिणीच्या पेटीवर घातली आन् चारी बाजूनं नीट खोचली.

"हां," मला म्हणाली. "आता बोला."