चिंगीच्या घराचं माप

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात मी एका कुत्रीवर इतका चिडलो, की आजही आठवलं तरी लाज वाटते... जागा म्हणाल तर नांदुरा, आमच्या घरापुढचं अंगण.

कुत्री म्हणजे चिंगी. ती मुळात सुधाची. सुधाचे वडील रेल्वेत, दिवाळीनंतर त्यांची भुसावळला बदली झाली आणि नवं घर मिळालं वरच्या मजल्यावर. निघताना सुधानं साखळी माझ्या हातात दिली. म्हणाली, "थंडीत हिला उघड्यावर ठेवू नकोस."

एवढंच. माझ्याबद्दल एक शब्द नाही. मी त्या एका वाक्यावर दोन महिने काढले... सुधा माझी कोण, ते विचारू नका. माझ्याकडून सगळं ठरलेलं आहे, तिच्याकडून काहीच नाही.

घरात कुत्रं चालत नाही, हा आईचा हुकूम. त्यामुळे चिंगी अंगणात, पाणी तापवायच्या चुलीजवळ, राखेत अंग मुरडून झोपायची. मग सुधाचं पोस्टकार्ड आलं... संक्रांतीला आत्याकडे येतेय, चिंगीला बघून जाईन.

झालं! मी घर बांधायला घेतलं. अकोल्याला सेकंड इयरला सरांशी भांडून वर्गातून थेट एसटी स्टँडवर आलो, तेव्हापासून मामाच्या लाकडाच्या वखारीतच असतो. फळ्यांना तोटा नव्हता.

घर चांगलं ऐसपैस केलं. वर टिनाचा पत्रा, बाहेरून निळा रंग, कारण सुधाला निळा आवडतो. दार मोठं आणि रस्त्याच्या बाजूला, म्हणजे उत्तरेला... येणाऱ्याला आधी तेच दिसलं पाहिजे ना. दारावर पाटी, 'चिंगी'. आणि आत जिनिंगच्या कारखान्यातून आणलेली पोतंभर रुई. आमच्या गावात गादी कापसाची, उशी कापसाची, रजई कापसाची. थंडी म्हटलं की दुसरं काही सुचतच नाही.

शेजारच्या शांतामावशी कुंपणाशी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. त्या गावाच्या कडेला भाजीपाला करतात.

"काऊन बे, थेटर बांधून राह्यला का?"

"चिंगीचं घर हाये, मावशी."

"असं का? मंग तिकिटाची खिडकी कुठी ठेवली?"

खरी पंचाईत पुढेच होती... चिंगी आत जाईना. भाकरी टाकली तर मान आत घालून भाकरी ओढायची आणि परत राखेत. दोन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी माझं डोकं फिरलं. तिला उचलून आत कोंबलं, साखळी आतल्या खिळ्याला अडकवली आणि वखारीत निघून गेलो.

त्या दिवशी आभाळ भरून आलं, बारीक पाऊस लागला आणि उत्तरेचा वारा सुटला. मला वाटलं, बरं झालं, आज तिला घराची किंमत कळेल.

दुपारी आलो. वारा सरळ दारातून आत शिरत होता. रुई भिजून कणकेसारखी झाली होती, आणि चिंगी साखळी पुरेल तेवढी मागच्या फळीला चिकटून थरथरत होती. हाक मारली तरी डोळे वर करेना. भाकरी पुढे धरली, तिनं हुंगलीही नाही.

आणि मी काय केलं? तिच्यावरच ओरडलो... "एवढं केलं तुझ्यासाठी!" ही मेली तर सुधाला काय सांगू?

शांतामावशी कोरडं पोतं घेऊन आल्या. साखळी सोडली, चिंगीला चुलीजवळ नेऊन खसाखसा पुसलं. मग माझ्याकडे वळल्या.

"तिच्यावर काऊन बोंबलतो? तू घुस आत."

"मी?"

"हाव, तूच. घुस, मले पाह्यचं हाये."

घुसलो. आरामात मावलो. दोन मिनिटं बसलो असेन... डोक्यावर गार पत्रा, बुडाखाली ओल, तोंडावर वारा. दात वाजायला लागले.

बाहेरून मावशी म्हणाल्या, "मावला ना तू? मंग थे घर तुयं झालं. तिच्या अंगाची ऊब एवढ्या मोठ्या खोलीले कशी पुरन? अन् रुई तं पाणी पेते लेका, अन् धरून ठेवते."

पाऊस थांबल्यावर करवत काढली. घर कापून निम्मं केलं, चिंगीला उभं राहता येईल, वळून बसता येईल, एवढंच. खाली विटा देऊन जमिनीपासून उचललं, पत्र्याखाली आतून फळी मारली. दार लहान केलं, आमच्या घराच्या भिंतीकडे फिरवलं, त्यावर पोत्याचा पडदा. आत मावशींकडचं गव्हाचं वाळलेलं काड. "वैशाखात हे काड काढजो, अन् घर निंबाखाली सरकवजो. पत्रा तव्यासारखा तापते," एवढंही त्यांनी बजावून ठेवलं. पाटी कापण्यात गेली, फक्त 'चिं' उरलं.

चिंगीनं बराच वेळ हुंगलं. मग आपणहून आत गेली, तीनदा गोल फिरली आणि नाक शेपटीत खुपसून बसली. दुसऱ्या दिवशी तिनं भाकरी खाल्ली. मी आईला सांगितलंसुद्धा, जसा काही माझाच ताप उतरला होता...

संक्रांतीला सुधा आली. निळ्या रंगाकडे तिनं बघितलंही नाही. खाली बसली, बांगड्या वर सारल्या आणि पडद्यातून हात कोपरापर्यंत काडात घातला. बराच वेळ तसाच ठेवला.

"कोरडं आहे... आणि ऊब आहे," ती म्हणाली. "तू केलंस?"

हो म्हणायची इतकी इच्छा होती! पण तोंडातून निघालं, "शांतामावशींनी सांगितलं. मी आधी चुकीचं केलं होतं."

ती हसली. पहिल्यांदा, माझ्याकडे बघून. मग तिळगूळ दिला आणि चारच्या पॅसेंजरनं गेली. आमच्यात बाकी काही ठरलं नाही. चिंगी फाटकापर्यंत तिच्यामागे गेली, परत आली आणि आपल्या घरात शिरली.

उरलेल्या निळ्या फळ्या अजून भिंतीला टेकून आहेत. शांतामावशींचे उपकार मोठे... आता कुणासाठी काही करायचं मनात आलं, की आधी स्वतः त्यात घुसून बघतो.