मावशीचं तेल आणि हवेचा ब्लास्टर

मी आज जो काही आहे, तो माझ्या मावशीमुळे. तालुक्याच्या शाळेतून बारावी झालो, मुंबईत इंजिनियरिंगला जागा मिळाली, आणि घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या तिच्या एका खोलीत मी पदवी होईपर्यंत राहिलो. तिची दोन मुलं, काका आणि मी. आमच्या घराण्यात त्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. आता मावशी थोरल्या मुलाकडे मालवणला असते. तिला ऐकू कमी येतं, फोनवर नुसती "हां, हां" करते. म्हणून मी तिला पत्रं लिहितो. गेल्या महिन्यात जे पत्र लिहिलं, ते एका खेळण्यामुळे.

आम्ही नुकतेच मुलुंडला नव्या सोसायटीत राहायला आलो होतो. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. रविवारी संध्याकाळी सोसायटीतली पोरं पार्किंगच्या मागच्या मोकळ्या जागेत लढाई खेळत. डोळ्यांवर पोहण्याचे गॉगल आणि हातात फोमच्या गोळ्यांचे ब्लास्टर. माझ्या मुलीकडेही होता, मामेभावाने वापरून दिलेला. खालचा दांडा पुढेमागे करून हवा भरायची आणि घोडा ओढायचा, असा. पण तिची गोळी नळीतून बाहेर यायची आणि तिच्याच पायाशी पडायची. त्यामुळे तिला टीममध्ये कोणी घेईना.

"तू गोळ्या गोळा कर ना, ते पण इम्पॉर्टंट असतं," असं त्यांच्या कॅप्टनने, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीने, तिला समजावलं होतं.

दोन रविवार तिने गोळ्या गोळा केल्या. मग एकदा जेवताना म्हणाली, "मी सगळ्यांना सांगितलंय, माझा बाबा इंजिनियर आहे, तो करेल."

बायको माझ्याकडे बघून हसली. "करा आता, इंजिनियरसाहेब."

मी कंपनीत बसून मोठ्या व्हॉल्व्हची ड्रॉइंग तपासतो. हाताने काही उघडून बरीच वर्षं झाली होती. तरी शुक्रवारी ऑफिसातून आल्यावर स्क्रू काढले. आतली रचना ओळखीची निघाली. एक नळी, तिच्यात दट्ट्या, दट्ट्याच्या टोकाला रबरी रिंग. रिंग सुकली होती, त्यामुळे हवा टिकत नव्हती. मावशीचा पंपाचा स्टोव्ह असाच बसायचा. गॅसचा सिलिंडर संपला की हा स्टोव्ह बाहेर निघायचा आणि त्यात हवा भरायचं काम माझं. हवा भरेना की मावशी ओरडायची, "मेल्या, वायसर सुकलो तो! तेल पाज त्येका!" मग तो वायसर, म्हणजे पंपाच्या दट्ट्याचा वॉशर, खोबरेल तेलात बुडवून ठेवायचा. थोड्या वेळाने स्टोव्ह फुरफुरायला लागायचा.

मी तेच केलं. वाटीत खोबरेल तेल घेतलं, रिंग बुडवली आणि निवांत झोपलो.

सकाळी रिंग फुगून मऊ झाली होती. तशीच दाबून बसवली, तर दट्ट्या अर्ध्यावर अडकला. जोर केला तेव्हा रिंगच तुटली.

मुलगी बाजूला उभी राहून सगळं बघत होती. "बाबा," ती हळूच म्हणाली, "आधी निदान पायापर्यंत तरी जात होती."

तेलाने रबर फुगतं, हे मी कॉलेजात शिकलो होतो. पेपरातसुद्धा लिहिलं होतं. पण हातांनी मावशीचं ऐकलं, आणि मावशीचा वायसर चामड्याचा होता.

"मग चामडंच लाव," बायको म्हणाली. "तुझे ते फाटके बूट अजून कपाटावर पडलेत. मी कधीची सांगतेय टाक म्हणून."

बुटाच्या जिभेतून गोल तुकडा कापला. आता तेल योग्य जागी गेलं. तुकडा बाटलीच्या झाकणात दाबून त्याला वाटीचा आकार दिला आणि दुपारी दट्ट्याच्या टोकाला बारीक स्क्रूने बसवला. इंटरनेटवर लोक नळीतली जाळी काढा म्हणजे वेग वाढतो असं सांगतात. ती पोरांच्या सुरक्षेसाठी असते, म्हणून मी तिला हात लावला नाही. मुलीने पॅसेजमध्ये उभं राहून हवा भरली, घोडा ओढला. गोळी थेट लिफ्टच्या दारावर. टक्!

समोरच्या आजींनी दार उघडलं. "कोण आहे?"

"कोणी नाही आजी," मुलगी म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता.

रविवारी मी पार्किंगच्या कठड्यावर बसलो. तिची पहिलीच गोळी सगळ्यांच्या डोक्यावरून जाऊन मागच्या भिंतीला लागली. एकदम गलका झाला.

"चीटिंग! एवढी लांब नाही चालणार!"

"माझ्या बाबाने केलंय."

"मग तुझ्या बाबालाच घे टीममध्ये!"

मी उठणार होतो. पण ती म्हणाली, "मी कमी पंप मारते ना. तुम्ही मोजा."

कॅप्टनने विचार केला. "दोन."

"चार."

"तीन. आणि आउट झालीस तर रडायचं नाय हां."

"तूच रडशील," माझी मुलगी म्हणाली आणि गॉगल डोळ्यांवर ओढला.

त्या रात्री लिहिलेलं पत्र असं:

"ती. मावशीस साष्टांग नमस्कार.
आम्ही सगळे ठीक. तुझ्या नातीचं हवेचं खेळणं मी दुरुस्त केलं. आधी तुझं ऐकून रबराला तेल पाजलं आणि वाट लावली. हसू नकोस. मग चामड्याला पाजलं, तेव्हा जमलं. आता ती दांडा ओढते आणि सगळी पोरं मिळून मोठ्याने 'एक, दोन, तीन' मोजतात. काळोख झाला तरी वर आली नाही. मी हाक मारली नाही.
तिला खेळात घेतलं तेव्हा मला घाटकोपरची पहिली सकाळ आठवली. तू मला हंडा देऊन नळावर नेलंस. कोणी मला पुढे सरकू देईना. तू सगळ्या बायकांना सांगितलंस, 'ह्यो माझो झील. ह्येका रांगेत घेवा.' भाचा नाही, थेट मुलगा म्हणालीस. त्यानंतर मला तिथे कोणी परका म्हटलं नाही. हे तुला सांगायचं राहिलं होतं, म्हणून लिहिलं.
गुडघ्याला शेक घेत जा."