यादीत नसलेला कॅमेरा

मी तेव्हा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये होतो. सुट्टी लागली की सकाळची पॅसेंजर पकडून पेणला आत्याकडे जायचो. आत्या सत्तरीची. तिने आणि काकांनी मिळून तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला होता. काका गेले, स्टुडिओ बंद झाला, पण त्यातल्या सामानाला तिने कुणाला हात लावू दिला नाही.

त्या सामानात एक जुना अमेरिकन स्टिरिओ कॅमेरा होता. पुढे तीन भिंगं. मधलं आपल्याला बघायला, कडेची दोन एकाच वेळी दोन फोटो काढायला. ते दोन्ही फोटो डोळ्यांना लावायच्या डबीतून पाहिले, की माणूस पुढे आणि झाड मागे असं खरोखरच दिसायचं.

मी या कॅमेऱ्याबद्दल बोललो होतो, म्हणून आमचे एक साहेब परदेशातून येताना तिथल्या हौशी लोकांनी केलेल्या यादीची झेरॉक्स घेऊन आले. याच कॅमेऱ्याचे किती प्रकार निघाले आणि कोणता कसा ओळखायचा, सगळं त्यात होतं. गाडीत कासू स्टेशन येईपर्यंत माझी ती दोनदा वाचून झाली. पेणला उतरलो आणि घरापर्यंत जवळजवळ पळालोच.

आत्याने चहा बाजूला सारला, फोटो सुधारायचं जुनं भिंग शोधलं आणि पाटावर कॅमेरा ठेवून बसली.

"विचार," म्हणाली.

"अंतराचे आकडे फुटात की मीटरमध्ये?"

"फुटात!" लॉटरी लागल्यासारखी ओरडली.

मी यादीतल्या निम्म्या ओळींवर काट मारली. मग कॅमेऱ्याच्या भिंगावरचा आकडा. साडेतीन. म्हणजे साधा प्रकार. त्याहून भारी, जास्त उजेड घेणारा असायचा तो दोन पूर्णांक आठ दशांशचा. अजून काही ओळी गेल्या. आता शेवटचा प्रश्न राहिला. शटरचा वेग लावायच्या कडीवर सगळ्यात मोठा आकडा कोणता? साध्यावर दीडशे, भारीवर दोनशे.

आत्याने भिंग टेकवलं. "दोनशे."

"दीडशे असणार. नीट बघ."

"अरे, दोनशे हाय! माझे डोळे गेले नायत अजून."

मी पाहिलं. दोनशेच होते. भिंग साध्याचं आणि कडी भारीची, असा कॅमेरा यादीत कुठेच नव्हता. माझे कानच गरम झाले. जगात कुणाला माहीत नसलेला प्रकार आणि तो पेणमध्ये, आत्याच्या पाटावर! मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. साहेबांना काय सांगायचं, पत्र कसं लिहायचं, माझी वाक्यंसुद्धा तयार झाली.

तेवढ्यात आत्या हसायला लागली. पदर तोंडात धरला तरी थांबेना.

"बस खाली," ती म्हणाली. "तुझ्या काकांनी दुसरा एक घेतला होता, दोनशेवाला. पहिल्याच दिवशी मिठागराचे फोटो काढायला गेले नि बांधावरून घसरले. कॅमेऱ्यासकट खाऱ्या पाण्यात! आगरातला माणूस धावला, यांचा हात धरला, तर हे ओरडतायत, मला नको, आधी कॅमेरा काढ!"

"मग?"

"मग काय, आतलं सगळं गंजून गेलं. एक कडी तेवढी वाचली. ती यांनी घासूनपुसून जुन्यावर बसवली. म्हणाले, आकडा तरी दोनशेचा असू दे."

"म्हणजे दोनशेवर लावला तरी शटर..."

"दीडशेच. गिऱ्हाइकाला काय कळतंय!"

आता मलाही आवरेना. शेजारच्या काकू दारात येऊन बघून गेल्या, तरी आम्ही हसतच होतो. हसू ओसरल्यावर आत्याने झेरॉक्स ओढली, माझ्या खिशातलं पेन काढलं आणि सगळ्यात खाली मराठीत लिहिलं: 'फूट, साडेतीन, दोनशे. फक्त पेण.'

मग तिला गप्प बसवेना. "चालतो का बघू." मी मुंबईहून स्लाइडचा रोल मागवला आणि पुढच्या सुट्टीत आम्ही गणपतीच्या एका कारखान्यात गेलो. रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्ती रांगेने मांडलेल्या. आत्या गुडघ्यावर बसली, श्वास रोखला आणि खटका दाबला. उठायला मात्र दोन कारागिरांनी हात दिला.

रोल धुऊन आल्यावर तिने स्वतः फ्रेमा कापून जोड्या बसवल्या. मी डबी घेऊन थेट कंपनीच्या कँटीनमध्ये गेलो. जेवायची सुट्टी, ताटं तशीच सोडून सगळे भोवती. खांब गावाहून येणाऱ्या एका ऑपरेटरने डबी डोळ्यांना लावली. थोड्या वेळाने त्याने मान तिरकी केली. मग डबी न काढताच एक हात पुढे केला आणि हवेत काहीतरी हळूच बाजूला सारायला लागला.

"काय करतोस रे?" कुणीतरी विचारलं.

"पुढची मूर्ती आडवी येतेय," तो म्हणाला. "मागच्या गणपतीचं तोंड दिसत नाय."

हे आत्याला सांगितलं तेव्हा ती पायरीवरच बसली आणि मला ते परत, पहिल्यापासून सांगायला लावलं.