झबल्यावरचं धरण

दिगूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा त्यांच्यासाठीच घेतलेला एक अहवाल माझ्या पिशवीत होता. ठाण्याच्या रद्दीवाल्याकडे सकाळीच सापडलेला, इंग्रजी अमदानीतल्या कुठल्याशा कालव्याचा. पाठ उसवलेली, पण आतले घडीचे नकाशे सगळे धडधाकट! संध्याकाळी डोंबिवलीला जायचं, तो त्यांच्यापुढे आपटायचा आणि त्यांचा चेहरा बघत बसायचं, असा बेत होता. फोनवर त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण शालूताई, एवढंच म्हणाली, "सुरेशराव, हे गेले हो... जेवून आरामखुर्चीत बसले ते उठलेच नाहीत." मी तसाच पिशवीसकट निघालो. आता हा दाखवायचा कोणाला, हा एकच वेडा विचार वाटभर डोक्यात होता.

नात्याने आम्ही साडू. ते कोलशेतला रंगाच्या कारखान्यात केमिस्ट. कामाचा धरणांशी काडीचा संबंध नाही. पण ऐंशीच्या सुमारास कल्याणच्या एका रद्दीच्या दुकानात त्यांना धरणाचा पहिला जुना अहवाल मिळाला आणि माणूस गेला कामातून! मग दर रविवारी मला धरून ठाणे, कल्याण, विठ्ठलवाडी, जिथे म्हणून रद्दीचं दुकान तिथे फेरी. ढिगात हात खुपसायचे, नाक लाल होईस्तोवर शिंकायचे, आणि हवं ते हाताला लागलं की भर दुकानात ओरडायचे, "आहे! आहे!" एकदा तर कल्याणचा रद्दीवाला पाल निघाली समजून उडी मारून फळीवर चढला होता. घरी आल्यावर वाचन सुरू. "साडूबुवा, ऐका! चुना किती दिवस मळायचा त्याची आठ पानं आहेत. आठ!" आम्ही आमटीभात खात चुन्याची आठ पानं ऐकायचो, आणि गंमत म्हणजे त्यांच्या तोंडून ती रंगायचीही. पूर आला, बांधकाम वाहून गेलं, साहेबाने पुन्हा पाया खणायला लावला... शेवटी भिंत उभी राहिली की आम्हीच टाळ्या वाजवायचो. शालूताई मात्र बादल्या मोजत म्हणायची, "घरात पंधरा-वीस धरणं, आणि नळाला थेंब नाही!"

हे वेड नुसतं वेड नव्हतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. दिगूभाऊंचे वडील पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. इंजिनिअरच्या आराखड्यावर पारदर्शक कापड अंथरून त्यावर शाईने रेघ न् रेघ गिरवायची, हे त्यांचं काम. दिगूभाऊ पाळण्यात असतानाच ते गेले. घरात त्यांचा फोटो नाही, सही नाही, कागदाचा कपटा नाही. आईने सांगितलेलं एका धरणाचं नाव तेवढं माहीत. "माझ्या बापाच्या हातची एक रेघ बघायचीय मला," एकदा विठ्ठलवाडीच्या टपरीवर चहा पिताना ते एकदम म्हणाले, "एकच. मग मेलो तरी चालेल." मी म्हटलं, "अहो, चहा प्या आधी, गार होतोय."

आणि नव्वदनंतर कधीतरी त्याच धरणाचा अहवाल सापडला! ते "आहे! आहे!" कल्याण स्टेशनपर्यंत ऐकू गेलं असेल. पण उघडून बघतात तर नुसता मजकूर. नकाशांचा खंड गायब. रद्दीवाल्याला खोदून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आंबिवलीच्या म्हातारीकडून उचललाय हा माल. नवरा पाटबंधाऱ्यात होता तिचा." पुढच्या रविवारी आम्ही आंबिवलीत हजर. म्हातारी खुटखुटीत. ऑफिसने मोडीत काढलेले कापडावरचे मूळ नकाशे तिचे यजमान गठ्ठ्याने घरी आणायचे, असं तिने सांगितलं तेव्हा दिगूभाऊंनी माझा दंड असा आवळला की वळ उठला.

"मग कुठे आहेत ते, आजी?"

"ते निळसर कापड ना? धुतलं की हो! गरम पाण्यात भिजत घातलं की खळ सुटते, शाई जाते, आणि खाली अस्सं मऊ कापड मिळतं, लोण्यासारखं. ऑफिसातल्या सगळ्याच बायका करायच्या. माझी चारही पोरं त्याच झबल्यांवर वाढली!"

मला वाटलं, आता दिगूभाऊ रडणार. पण त्यांनी विचारलं काय, तर "एखादं झबलं आहे का हो शिल्लक?" म्हातारीने ट्रंक उपसली, तळातून एक पिवळट झबलं काढलं. उजेडात धरलं तर पाठीवर एक पुसट, लांबलचक, वळत गेलेली रेघ. शाई हट्टी, सगळी गेलीच नव्हती. "सांडवा!" दिगूभाऊ किंचाळले. "जादा पाणी इथूनच बाहेर पडतं, भिंत इथेच वळते, अहवालात लिहिलंय! आहे! आहे!" म्हातारी हसत म्हणाली, "न्या हो. आता माझ्याकडे कोण बाळ आहे?"

आंबिवलीच्या फलाटावर दोन टकले गृहस्थ एक झबलं उन्हाला धरून बघताहेत, लोक वळून वळून पाहताहेत! मी विचारलं, "वडिलांचीच कशावरून?" ते रेघेवरून बोट फिरवत म्हणाले, "एका दमात ओढलीय, कुठे थरथर नाही. त्यांचीच. ...आणि नसली, तरी दुसरं आहे काय हो माझ्याकडे?" झबलं त्या अहवालात, नकाशांच्या जागी, घडी करून कायमचं बसलं.

ते गेले तेव्हा त्यांची लेक नीता बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. परवा नात घरी आली. मी बघायला गेलो, तर शालूताई कपाटातून तोच अहवाल काढून ते झबलं झटकत होती. मी ओरडलोच, "अहो ताई, काय करताय! दिगूभाऊंचा जीव होता त्यात!"

"म्हणूनच," ती म्हणाली. "बाळाला पहिलं झबलं जुन्याचंच घालायचं असतं. आणि याच्याहून जुनं या घरात काय आहे?"

पोरीने झबलं घातल्या घातल्या भिजवलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "सांडवा सुटला!" आणि शालूताई इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा हसली, पोट धरून हसली, आणि हसता हसता पदर तोंडाला लावून रडली. मग तिने ते झबलं हलक्या हाताने खळबळलं, पिळलंसुद्धा नाही, आणि गॅलरीत दोरीवर टाकलं. रेघ राहिली की गेली, हे तिथे जाऊन बघायचा मला काही धीर होईना. तेव्हापासून पिशवीतच राहिलेला कालव्याचा अहवाल मी दिगूभाऊंच्या खुर्चीत ठेवला आणि तिथेच उभा राहिलो. तेवढ्यात गॅलरीतून शालूताईचा आवाज आला, अगदी रद्दीच्या दुकानातल्यासारखा,

"सुरेशराव, आहे! आहे!"