बागेतला बुधवारचा तास

समुपदेशकाच्या पोटात किस्से साचत जातात. सांगायची चोरी, आणि विसरता तर येत नाहीत! कराडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी हे काम करते. त्यातले थोडे आज सांगते. मुलांची नावं अर्थातच बदललीत.

सुरुवातीला मला प्राचार्यांच्या केबिनसमोरची खोली मिळाली. दारावर पाटी, ‘समुपदेशन कक्ष’. महिनाभर कुणी फिरकलं नाही. एकदा एक मुलगी दारात घुटमळली. मी हरखून म्हटलं, “ये ना, बस!”

“मॅडम, बोनाफाईड इथंच मिळतं का?”

* * *

मग मी परवानगी काढली आणि दर बुधवारी शेवटच्या तासाला कॉलेजमागच्या बागेत बसायला लागले. ज्याला यायचं त्यानं यावं. तिथले माळी महमूदचाचा आधी वैतागले. “आवं मॅडम, पोरं झाडं मोडत्यात!” उपायही त्यांनीच काढला. येईल त्याच्या हातात खुरपं!

सायली मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करत होती. झोप नाही, घास उतरत नाही. तीन बुधवार तिनं नुसतं तण काढलं. चौथ्या बुधवारी चाचांना विचारलं, “उपटलं तरी परत येतंय. तुम्हाला कंटाळा येत नाही?”

“येतो की! मग दुसरा वाफा धरायचा.”

तिनं खुरपं खाली ठेवलं. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, “मॅडम, मला डॉक्टर व्हायचं नाही. पप्पांना कसं सांगू?”

* * *

सांगितलं तिनं. पुढच्या बुधवारी पप्पाच बागेत हजर! फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, आता ऊस बघतात. “माझ्या पोरीला येडी समजता काय तुमी?”

मी म्हटलं, “जरा बसा.” पलीकडं सायली मैत्रिणीच्या अंगावर झारीतलं पाणी उडवत खिदळत होती. ते कितीतरी वेळ बघत राहिले.

“ही हसती व्हय अजून?” एवढंच बोलले आणि गेले.

त्याच्या पुढच्या बुधवारी ते पुन्हा आले. मला म्हणाले, “मॅडम, पेन्शनीत आल्यापासनं मला बी झोप न्हाई. एखादा वाफा मिळंल का?”

* * *

आफताब बोलताना अडखळायचा, म्हणून वर्गात तोंडच उघडायचा नाही. बागेच्या जागी पार्किंग करायचं ठरलं आणि एक साहेब टेप घेऊन मोजायला आले. मुलं जमली, पण बोलायला कुणी पुढं होईना. आफताब पुढं झाला. त्याचं वाक्य पुरं व्हायला वेळ लागला. मधे कुणी बोललं नाही, साहेबसुद्धा.

“साहेब, ग… गाडी लावायला जागा लय हाय. र… रडायला कुठं हाय?”

साहेबांनी टेप गुंडाळली. पार्किंग झालंच, पण अर्ध्या जागेत. उरलेल्या अर्ध्यात आम्ही बसतो.

* * *

रुपाली आटपाडीकडची, होस्टेलला राहायची. एका बुधवारी तिनं माझ्या हातात बंद पाकीट दिलं. “मॅडम, वाचू नका. पण माझ्याजवळ नको.”

मी पाकीट उघडलं नाही, पण तिचा हातही सोडला नाही. मी घरी फोन लावला, त्याच संध्याकाळी तिची आई आली. आम्ही तिघी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं गेलो. औषधं सुरू झाली. रुपाली काही महिने घरीच होती.

परत आली ती सरळ बागेतच. “मॅडम, माझं पाकीट?”

मी पर्समधून काढून दिलं. तिनं ते न उघडताच बारीक फाडलं आणि चाचांच्या खताच्या खड्ड्यात टाकलं. चाचांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी वाकून बघितलं.

“काय गं ते?”

“जुनं हाय चाचा.”

“कागद हाय व्हय. कुजंल. वरनं पाला टाक.”

तिनं दोन्ही हातांनी पाला ओढून टाकला. पायानं दाबला. मग विचारलं, “चाचा, ह्या खतावर काय लावायचं?”

चाचा म्हणाले, “आगं, आधी कुजू दे की!”