वाणातलं टर्बो

पेट्रोल महागलं तेव्हा आमच्या जुन्या गाडीचं इंजिन काढून मी तिच्यात डिझेलचं बसवून घेतलं. नागपुरात त्या काळी पुष्कळ जण हेच करत होते. मी आणि बायको, दोघंही त्याच गाडीनं नोकरीला जात होतो. खर्च वाचला, पण गाडीतला दम गेला. सपाट रस्त्यावर ठीक चाले. कळमेश्वरला सासरी जाताना काटोल रोडवर चढ लागला की मात्र ती काळा धूर सोडत कण्हायला लागे, आणि मागचे ट्रकवाले हॉर्नसुद्धा न वाजवता दयेनं बाजूनं निघून जात. मी मुळात चिडका माणूस. गाडीला कुणी नावं ठेवली की ती मलाच ठेवल्यासारखी वाटत.

माझ्या मेव्हण्यानं तेव्हा नवी मोटरसायकल घेतली होती. एकदा जेवताना तो म्हणाला, "भाऊजी, पुढच्या खेपेले आधी कळवा. चढावर दोन बैलं पाठवून देतो."

सगळं घर हसलं, सर्वांत मोठ्यानं माझी बायको. मी उसळून म्हणालो, "टर्बो बसवतो, मग पाहू कोण मागे राहते ते."

टर्बो म्हणजे काय, असं सासऱ्यांनी विचारलं. त्यांना मी मामाजी म्हणत असे. सीताबर्डीच्या रद्दीवाल्याकडून आणलेल्या एका इंग्रजी मासिकात जे वाचलं होतं ते मी ऐटीत सांगितलं: इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर एक छोटा पंखा फिरतो, तो जास्तीची हवा आत कोंबतो आणि गाडीची ताकद वाढते. मामाजींचा जन्म संत्र्याच्या बागेत गेलेला. विहिरीवरचं डिझेल इंजिन ते स्वतःच उघडून दुरुस्त करत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि भाजी मागितली. विषय तिथंच संपला असं मला वाटलं.

त्या वर्षी धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं आणि वाण द्यायचं, हे आमच्याकडे कुणी चुकवत नाही. मी पाटावर बसलो. सासूबाईंनी पितळी ताट पुढं सरकवलं. त्यात तेहतीस अनारसे, दिवा, आणि अनारशांच्या शेजारी हळदीकुंकू लावलेलं एक लोखंडी धूड, मोठ्या गोगलगायीसारखं.

"उमरेडकडच्या भंगारवाल्यापासून आणलं," मामाजी म्हणाले. "लहान जनरेटरचं आहे म्हणे. दोन चकरा झाल्या. तुमाले पायजे होतं ना, जावईबापू?"

दोन चकरा म्हणजे त्या उन्हात एसट्या बदलत जाणं आणि येणं. जावयाला दहावा ग्रह म्हणतात ते उगीच नाही. मला लाज वाटली, आणि खरं सांगतो, फार आनंदही झाला. माझं बोलणं माझ्या वडिलांनीसुद्धा कधी इतकं मनावर घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ते गॅरेजात नेलं. मिस्त्रीनं पंखा बोटानं फिरवून पाहिला. "चीज तं बढिया आहे, साहेब. जमवून देतो. गाडी धावन. पण इंजिन पुरानं आहे तुमचं. येवढा जोर त्याले झेपन का नाही, सांगता येत नाही. चार वर्षं चालन, नाही तं चार दिवसांत पिस्टन फुटन. तुमी सांगा."

मी आठ दिवस मागितले. त्या आठ दिवसांत माझा विचार रोज बदलला. चढावर गाडी थकली की वाटे, बसवून टाकू, होऊ दे काय व्हायचं ते. बायकोला तिच्या शाळेपाशी सोडलं की वाटे, इंजिन फुटलं तर उद्यापासून दोघंही बसच्या रांगेत. आठव्या दिवशी ठरवलं, नाही बसवायचं. आता ते मामाजींना सांगणं तेवढं बाकी होतं.

"बाबाले सांगून द्या ना सरळ," बायको म्हणाली.

"त्यांना वाईट वाटेल."

"वाटलं तं वाटलं. बाप आहे थो."

माझी जीभ काही रेटेना. टर्बो पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं. पुढच्या खेपेला मामाजींनी अंगणातच "बसलं का?" म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "बसलं! एकदम फर्स्टक्लास." बायकोनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती घरात निघून गेली. मामाजींनी बॉनेट उघडायला सांगितलं नाही. मला वाटलं, सुटलो.

दिवाळीनंतर डोळे दाखवायला त्यांना मी नागपूरला घेऊन निघालो. नागपूरकडे येतानाही एक चढ लागतो, तो आला. मी पाय दाबता येईल तेवढा दाबला आणि वर "पाहा मामाजी, कशी खेचते" असंही म्हणालो. गाडी नेहमीसारखीच कण्हत वर गेली. चढ संपेपर्यंत मामाजी खिडकीबाहेर पाहत होते.

"नाही बसवलं ना?"

मी गाडी बाजूला घेतली आणि सगळं सांगितलं. सांगताना माझाच आवाज चढला, जशी काही चूक त्यांची होती.

"बरं केलं," ते म्हणाले. "मी बी नसतं बसवलं. मले तं त्याच दिवशी अंगणात आवाजावरून समजलं."

"मग बोलले काहून नाही?"

"तुमी सांगान म्हणून वाट पाहून राहिलो होतो. माझा पोरगा मले दिवसातून दहा खेपा तोंडावर नाही म्हणते. तुमी दहा वर्षांत एक डाव नाही म्हणाले. मले वाटत होतं, पोरगी दिली अन् आपल्याले आणखी एक पोरगा भेटला." एवढं बोलून ते समोर बघू लागले. "चला, डॉक्टर निघून जाईन."

संध्याकाळी त्यांना परत सोडलं आणि तिथंच जेवायला बसलो. चौथी पोळी मामाजींनी स्वतः पुढं केली. माझं पोट भरलं होतं. दर वेळी भरलेलंच असे आणि दर वेळी मी ती घेत असे.

"नाही मामाजी," मी म्हणालो. "नको."

सासूबाईंचा हात भाताच्या पातेल्यावर तसाच थांबला. मामाजींनी पोळी आपल्या ताटात ठेवली.

"बरं, नोको घेऊ गा," ते म्हणाले. जावईबापू म्हणाले नाहीत, घरच्या पोराला म्हणावं तसं 'गा' म्हणाले. मी मान वर केली नाही, कारण माझे डोळे भरून आले होते.