भिंतीवरचा राखी पतंग

लग्न होऊन कर्जतला आले तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, की नवऱ्याला दिव्यावर झेपावणारे पतंग जमवायचा नाद आहे. हे शाळेत शास्त्र शिकवायचे आणि घरी पतंग टाचणीनं टोचून पेट्यांत ठेवायचे. एकदा माझ्या पापडांच्या डब्यातही पतंग निघाले. मी डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं. "डबा रिकामाच होता की," हे म्हणाले.

पंखाला कुणी बोट लावलं, की मात्र यांचा पारा चढे. पंखावरची भुकटी हीच त्याची नक्षी, ती पुसली की ओळखायचं कशावरून, असं म्हणत. झाडताना माझा नुसता पदर लागला, तर दिवसभर अबोला.

लढाईच्या दिवसांत यांना काचबिंदू झाला. नगरच्या डॉक्टरांनी हात टेकले. दिसेनासं झालं, नोकरी सुटली. पेट्या मांडीवर घेऊन हे नुसते बसून राहत. एका पतंगाची हळहळ मनात होती. पाठीची कमान करत चालणाऱ्या उंटअळीच्या कुळातला, क्वचितच दिसणारा. तरुणपणी कोल्हारला एकदाच मिळाला होता, तो मुंग्यांनी खाल्ला.

एका श्रावणात सकाळी सडा घालायला गेले, तर ओसरीच्या भिंतीवर राखी पतंग, चारी पंख पसरून भिंतीला चिकटून बसलेला. मी हाक मारली. हे चाचपत आले.

"मिशा बघ. पिसासारख्या की दोऱ्यासारख्या?"

मी भिंग धरलं. "बुडाशी पिसासारख्या, टोकाला दोऱ्यासारख्या."

"पुढच्या पंखावरची काळी रेघ मागच्या पंखावर तशीच जाते, की तुटते?"

"तशीच जाते. लुगड्याच्या काठासारखी सलग."

"आणि ठिपके?"

"चारी पंखांवर एकेक."

हे म्हणाले, "तोच आहे गं." इतके आनंदलेले मी यांना किती दिवसांनी बघत होते.

बरणीत मी धरला. टोचायला मात्र मला देईनात. "अहो, तुम्ही सांगा, मी टोचते," म्हटलं.

"इतकी वर्षं कोण टोचतंय?"

टाचणी बरोबर गेली. पण हात काढताना यांचा अंगठा पंखांवरून घसरला, हे सावरायला गेले तर दुसऱ्या बाजूवरूनही. रेघ गेली, ठिपके गेले. यांनी अंगठा बोटावर घासून पाहिला. तोंड उघडलं असतं तर मला रडू फुटलं असतं, म्हणून मी चूल पेटवायला गेले.

दोन पावसाळ्यांनी त्याच भिंतीवर तसाच पतंग येऊन बसला. सांगावं की नाही, ठरेना. शेवटी सांगितलं. हे आले, तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारले. सगळं जुळलं.

"टोचू का मी?"

"नको. बसू दे त्याला."

मी पाट मांडला. भिंतीकडे तोंड करून हे बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी भाकरी थापत होते. मधूनमधून हाक यायची, "आहे का गं अजून?" पिठाच्या हातानं बाहेर येऊन मी बघायची आणि सांगायची, "आहे."

ऊन भिंतीवर आलं तसा तो उडाला. पुन्हा हाक आली. मी उंबऱ्यात आले आणि नुसतीच उभी राहिले.

यांना कळलं. मग यांनी मांड्यांखालचे हात हळूहळू बाहेर काढले.